गेमची भाषा कशी बदलत गेली: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडक्यात सांगते. पाचेक वर्षं झाली, घरातल्या एका कोऱ्या हिशेबाच्या वहीत मी गेम खेळताना लोक काय काय बोलतात ते शब्द लिहून ठेवतेय. कुणी सांगितलेलं नाही, यातून काही मिळत पण नाही. पण आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत एकाला कळलं की सगळ्यांना कळतंय, त्यामुळं भाजी आणायला गेलं तरी कोणीतरी थांबवून तेच तेच विचारतंय. म्हणून एकदाच सगळं बसून लिहून टाकते.

शब्द कशाला लिहून ठेवायचे? पोरं काहीपण बोलतात की.

२०२० च्या लॉकडाऊनमधली गोष्ट. भाच्याला जेवायला हाक मारली तर आतनं ओरडला, "आत्या थांब, नॉक झालोय, रिव्हाइव्ह मिळाल्याशिवाय येत नाय." मला शष्प कळलं नाही. (नॉक म्हणजे गोळी लागून आडवा पडणं, रिव्हाइव्ह म्हणजे भिडूनं परत उठवणं, हे पुढं कळलं.) आणि मी कोण, तर त्याच्याच बापाबरोबर बसून कॉन्ट्रा हा बंदुकीचा गेम पुरा केलेली बाई. मग आठवलं की दादा आणि मी खेळायचो तेव्हा आईला पण आमचं काही कळायचं नाही. रात्री दादाला फोन करून विचारलं, आपण तेव्हा काय काय म्हणायचो रे? दोघांनी मिळून जेमतेम पंधरा शब्द आठवले. रोज तासनतास बोललेली भाषा, आणि पंचवीस वर्षांत पंधरा शब्द उरले. मला त्याचं खरंच वाईट वाटलं, दुसऱ्या दिवसापासून वही सुरू केली.

मग तुमच्या वेळी काय म्हणायचे?

पहिली गोष्ट म्हणजे "व्हिडिओ गेम" हे मशीनचं नाव होतं. "त्यांच्याकडं व्हिडिओ गेम आणलाय" म्हणजे डबा, दोन रिमोट, एक खेळण्यातली बंदूक आणि टीव्हीला लावायची वायर. आपण आज ज्याला गेम म्हणतो त्याला "कॅसेट" म्हणायचो. "मारिओची कॅसेट हाय काय तुझ्याकडं?" असं. ती काय गाण्याची कॅसेट नव्हती, आत टेप पण नव्हती, पण घरात कॅसेट हा शब्द आधीच होता आणि प्लॅस्टिकची चौकोनी वस्तू खाचेत घालायची एवढं साम्य पुरलं. चालेना झाली की काढून फुंक मारायची. "फुंकून लाव" हे आमच्याकडं इतकं ठरलेलं वाक्य होतं की पुढं टीव्हीचा रिमोट बिघडला तरी आज्जी म्हणायची, फुंकून लाव.

आमच्याकडचे बहुतेक डबे म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम मशीनच्या नकला होत्या, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. निन्टेंडो हे नाव आम्ही लहानपणी ऐकलेलंच नाही.

दुसरं म्हणजे "जान". तीन जान, एक जान गेली, शेवटची जान राहिलीय. कॉन्ट्रामध्ये आपल्या सगळ्या जान संपल्या तर जोडीदाराच्या शिलकीतली वापरता यायची. आम्ही म्हणायचो "एक जान उसनी दे". शेजारणीकडं साखर मागावी तसं. आणि परत फेडायची पद्धत नव्हतीच गेममध्ये, म्हणून दादा ती घरकामात वसूल करायचा. तीस जान मिळवायची युक्ती पण होती, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. हा कोड कोनामी कंपनीच्या १९८६ च्या ग्रेडिअस या गेममध्ये पहिल्यांदा आला, पण आम्हाला तो पाढ्यासारखा एका चालीत पाठ होता आणि आम्हाला वाटायचं की आमच्या गल्लीतल्याच कुणीतरी शोधलाय.

पात्रांची नावं कुणाला माहीत नव्हती. कॉन्ट्रातले दोघं म्हणजे निळा आणि लाल. मारिओमधली राजकन्या म्हणजे राणी, आणि पडद्यावर राणी दुसऱ्या किल्ल्यात आहे असं इंग्रजीत यायचं ते वाचायचं कुणी? राणी दिसली नाही एवढ्यावरनंच कळायचं. पडद्यावरची भाषा एक आणि सतरंजीवरची भाषा दुसरी. ही फट लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

"मुस्तफा" कुठला गेम होता? शोधून सापडत नाही.

त्या नावानं नाहीच सापडणार. तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, नाण्याच्या मशीनवरचा. त्यात चार जण निवडता यायचे, पिवळी टोपीवाला मुस्तफा सगळ्यांचा आवडता, म्हणून भारतभर गेमचंच नाव मुस्तफा पडलं. मला हे नाव मूळ नावापेक्षा चांगलं वाटतं, कारण खेळणाऱ्याच्या दृष्टीनं गेम म्हणजे तोच. आपल्यासारख्या माणसानं ठेवलेलं नाव आहे, कंपनीनं ठेवलेलं नाही.

तो गेम का ती गेम?

दोन्ही. आमच्या घरात मी "ती गेम" म्हणते, भाचा "तो गेम" म्हणतो, आणि दोघांनाही दुसऱ्याचं चुकल्यासारखं वाटतंय. बाहेरनं आलेला शब्द मराठीत आला की त्याला लिंग द्यावंच लागतं, त्याशिवाय क्रियापदच लागत नाही. "गेम संपला" का "गेम संपली" हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. माझा अंदाज असा की खेळ, डाव या शब्दांच्या ओढीनं पुल्लिंग, आणि मॅच, लेव्हल, कॅसेट यांच्या ओढीनं स्त्रीलिंग. यात कोण बरोबर हे ठरवत बसू नका. आणि "त्याची गेम केली" म्हणजे त्याला फसवलं किंवा संपवलं, हा अर्थ आपल्याकडं जुना आहे, त्याचा व्हिडिओ गेमशी काही संबंध नाही.

खरंच भाषा बदललीय का नुसते नवे इंग्रजी शब्द घुसलेत?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो कारण याचं उत्तर नामांत नाही, क्रियापदांत आहे. नवीन नाम कोणपण उचलतो. क्रियापद बघा.

आम्ही म्हणायचो "गेम लाव". म्हणजे वायर लाव, चॅनल लाव, कॅसेट लाव. गेम ही लावायची वस्तू होती, दिवा लावतो तशी. मग सायबर कॅफे आले. राजारामपुरीत तासावर पैसे देऊन पोरं काउंटर स्ट्राइक हा बंदुकीचा गेम खेळायची, तिथं "गेम चालू कर", "गेम उघड". म्हणजे गेम मशीनच्या आत आधीच आहे, फक्त उघडायचा. आणि आता भाचा फोनवर मित्राला काय म्हणतो? "ये गेमवर." नाहीतर "लॉबीत ये, वाट बघतोय." लॉबी म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधी जमायची जागा. कट्ट्यावर ये, रंकाळ्यावर ये म्हणावं तसं. गेम ही आता जागा झालीय, तिथं यायचं असतं, थांबायचं असतं, तिथनं निघायचं असतं. लाव, उघड, ये, या तीन क्रियापदांत सगळी तीस वर्षं आली. ही तिन्ही अस्सल मराठी क्रियापदं आहेत, इंग्रजीचा एक शब्द न वापरता भाषा बदलली.

म्हणून कुणी मला नुसती शब्दांची यादी दिली की मी विचारते, वाक्य सांगा. हेडशॉट हा शब्द मला नको. हेडशॉट "मारला", "बसला", "खाल्ला" का "दिला", ते पाहिजे.

पोरं मराठी विसरायला लागलीत असं वाटत नाही का?

नाही. आणि मी हे नुसतं समाधानासाठी म्हणत नाही. भाच्याचं एक वाक्य वहीत जसंच्या तसं आहे, "झोनच्या कडंकडंनं ये, त्या नॉक झालेल्याला कव्हर दे, अन् लूट मी उचलल्याशिवाय हलू नको." (झोन म्हणजे नकाशावरची सुरक्षित हद्द.) यातले शब्द मोजले तर इंग्रजी दिसतात, पण वाक्य कुणी बांधलंय? कडंकडंनं, झालेल्याला, उचलल्याशिवाय. हा सांगाडा इंग्रजीत नाहीच. शब्द पाहुणे आहेत, घर मराठीचं आहे. लूट तर आपल्याकडनंच इंग्रजीत गेलेला शब्द, हिंदीतून गेला, आता गेममधनं परत आलाय.

पण काही गेलंय, आणि ते कशामुळं गेलं हे बघण्यासारखं आहे.

"टाइम प्लीज" आठवतंय? टॅम्प्लीज म्हणायचो आम्ही. चप्पल तुटली, आई हाक मारतीय, कुत्रं आलं, की टॅम्प्लीज म्हणायचं आणि डाव थांबायचा. कॉन्ट्रा खेळताना पण म्हणायचो, दादा स्टार्टचं बटण दाबायचा. भाच्याला हा शब्दच माहीत नाही. शिकवला, तर म्हणाला, "आत्या, पण थांबवायचं कसं? बाकीचे नव्वद लोक कशाला थांबतील?" बरोबर आहे त्याचं. ऑनलाइन मॅचमध्ये थांबणं नावाची गोष्टच नाही, मग त्याचा शब्द कसा राहील? इंग्रजीनं तो शब्द मारला नाही, खेळाची रचना बदलली आणि शब्दाला काम उरलं नाही. त्या जागी आला "एएफके", म्हणजे खेळणारा जागेवर नाही. दोन्हींत फरक किती बघा. टॅम्प्लीजमध्ये जग तुमच्यासाठी थांबायचं, एएफकेमध्ये तुम्ही गेलात आणि डाव चालूच आहे, वर शिव्या पडणार.

तसंच "कच्चं लिंबू". लहान भावंड हट्ट करतंय म्हणून घ्यायचं खेळायला, ते बाद झालं तरी बाद धरायचं नाही. किती माया आहे त्या शब्दात. आता नवख्याला म्हणतात "नूब". लोक म्हणतात पोरं निष्ठुर झाली. मी म्हणते नाही, कच्चं लिंबू हा शब्द ओळखीच्या अंगणात जन्मतो. तिथं सगळ्यांना माहीत असतंय की हा कुणाचा धाकटा. अनोळखी शंभर जणांत कोण कुणाचं धाकटं? पण एक सांगते, मागच्या दिवाळीत भाच्यानं शेजारच्या सात वर्षांच्या पोराला स्क्वॉडमध्ये म्हणजे आपल्या टीममध्ये घेतलं आणि बाकीच्यांना सांगितलं, "हा लिंबू हाय, ह्याला सांभाळून घ्या." शब्द मेला नव्हता, अंगण मिळाल्यावर उठून बसला. त्या दिवशी मी वहीत तारीख घालून ठेवली.

भिडू आणि रडीचा डाव हे दोन्ही अजून ठणठणीत आहेत.

पब्जी बंद झाला, नाव बदललं, तरी लोक पब्जीच का म्हणतात?

डालडा, झेरॉक्स, कोलगेटचं जे झालं तेच. पब्जी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, २ जुलै २०२१ ला बीजीएमआय नावानं तो भारतापुरता परत आला, २८ जुलै २०२२ ला परत काढला, मे २०२३ मध्ये परत आला. सरकारी कागदावर एवढ्या उड्या झाल्या, आपल्या तोंडात नाव एकच. आता तर कुठलापण बंदुकीचा मोबाइल गेम म्हणजे पब्जी. आमच्या शेजारच्या काकू कँडी क्रश खेळणाऱ्या सुनेला पण म्हणतात, "दिवसभर पब्जी." आईबापांच्या भाषेत तो गेमचा नाही, फोनमध्ये डोकं घालून बसण्याचा शब्द झालाय.

गेमच्या प्रकारांची नावं एवढी विचित्र का असतात?

१९९३ मध्ये डूम आला, त्याच्यासारखे गेम निघाले, त्यांना काही वर्षं लोक "डूम क्लोन" म्हणायचे. पुढं तसे गेम इतके झाले की डूमचं नाव घ्यायची गरज उरली नाही, मग फर्स्ट पर्सन शूटर (खेळणाऱ्याच्याच नजरेतनं दिसणारा गोळीबार) म्हणजे एफपीएस रुळलं. उलटं "रोगलाइक" बघा, १९८० च्या रोग (इंग्रजी Rogue) नावाच्या गेमवरनं पडलेलं नाव, आज ते वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांनी मूळ गेम बघितलेलाच नाही, तरी नाव टिकलं. मेट्रॉइडव्हेनिया तर दोन गेमची नावं जोडून केलेलं. "बॅटल रॉयल" खूप जुना शब्द, कुस्तीतला पण आहे, जपानी कादंबरी आणि त्यावरच्या २००० सालच्या सिनेमातनं शेवटी एकच उरेपर्यंत लढायची कल्पना त्याला चिकटली, आणि २०१७ नंतर तो घराघरात गेला.

कोल्हापुरात राहून हे मला नवीन वाटत नाही. आपलं गाव सिनेमाचं. बाबूराव पेंटरांनी इथं मूकपट केले, १९२९ ला प्रभात इथंच सुरू झाली, आणि प्रभातनं १९३२ ला पहिला मराठी बोलपट इथं केला. बोलपट! किती सुंदर शब्द. पण सगळेच सिनेमे बोलायला लागल्यावर त्यातल्या "बोल"ला अर्थ उरला नाही. माझे आजोबा बोलपट म्हणायचे, वडील पिक्चर म्हणतात, मी मूव्ही ऐकत मोठी झाले. "ऑनलाइन गेम" हा शब्द पण असाच जाणार. भाचा आताच नुसतं गेम म्हणतो, आणि इंटरनेट न लागणाऱ्याला वेगळं "ऑफलाइनवाला" म्हणतो. कुठल्या बाजूला विशेषण लावावं लागतंय ते बघायचं, जी बाजू विशेषणाशिवाय चालते ती जिंकली.

एकाच शब्दाचा अर्थ बदललाय असं उदाहरण आहे का?

पिंग. आधी पिंग म्हणजे तुमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, म्हणून "पिंग किती हाय?" हा वायफायवरनं भांडायचा प्रश्न. मग नकाशावर खूण करून भिडूला जागा दाखवायची, त्याला पण पिंग म्हणायला लागले, २०१९ च्या अपेक्स लेजंड्सनं ती पद्धत इतकी चांगली केली की बऱ्याच गेमनी उचलली. आता घरात "पिंग कर" म्हणजे मेसेज टाक. नर्फचं पण तसंच, ते मऊ फोमच्या खेळण्यांच्या ब्रँडचं नाव, गेममध्ये एखादं हत्यार कमजोर केलं की ते नर्फ झालं म्हणतात. भाचा परवा म्हणाला, "आज्जीनं आमटीचं तिखट नर्फ केलंय." आमच्या घरात आता तो शब्द स्वयंपाकाचा झालाय.

कोल्हापुरी काही आहे का यात, का सगळं बाहेरचंच?

भरपूर आहे. कुस्त्यांच्या खासबाग मैदानाच्या गावात भांडणाची, डावाची भाषा उसनी आणायची गरजच काय? एकाला समोरासमोर पाडलं की "चीतपट". चांगला खेळणारा तो "वस्ताद", प्रो म्हणणारे पण आहेत, पण वस्ताद म्हणलं की तो शिकवतो पण, हे त्यात येतंय. "विषय हार्ड" तर सगळीकडंच. आणि मला सगळ्यात भारी वाटतंय ते "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी". बंदुकीच्या गेमसाठी याच्यापेक्षा नेमकं काय असणार सांगा, जुनं आपलं वाक्य, आणि स्क्रीनवरच्या बटणावर अंगठा ठेवून पोरं तेच ओरडतात. पेठापेठांची फुटबॉलमधली ईर्ष्या पण तशीच उतरलीय, भाच्याच्या स्क्वॉडच्या नावात पेठेचं नाव आहे आणि समोर दुसऱ्या पेठेचं दिसलं की आवाज वाढतो.

मुली, बायका खेळतात तेव्हा भाषा वेगळी असते का?

असते, पण आधी वेगळ्या कारणानं. मुलींनी नाण्याच्या मशीनच्या गेम पार्लरमध्ये जायचं नाही हे ठरलेलं होतं, म्हणून माझे सगळे शब्द घरातले आहेत, मुस्तफा मी भावाच्या तोंडून ऐकलाय, मशीनवर खेळले नाही. आता फोन आला, ती भिंत गेली. पण मोबाइलवर खेळायला लागले तेव्हा माइक बंद असेपर्यंत मी सगळ्यांची "भावा" होते, माइक चालू केला की एकदम शांतता, नाहीतर नको ते प्रश्न. माझ्या ओळखीच्या कितीतरी पोरी म्हणून माइक बंद ठेवूनच खेळतात, नुसत्या खुणा आणि तयार मेसेजवर. म्हणजे या भाषेतला एक मोठा हिस्सा बोललाच जात नाही. हे मला मनापासून बोचतंय, शब्द गोळा करताना सारखं जाणवतंय की ही वही अर्धीच आहे.

एक गंमत मात्र झाली. कोल्हापुरात बायका पण "मी येतो, मी जातो" म्हणतात, लिहिताना मी "येते" लिहिते पण बोलताना तोंडात "येतो"च येतंय. एकदा पुण्याकडची एक मुलगी टीममध्ये होती, मी म्हणाले "थांब, मी मागनं येतो", तर ती गोंधळून म्हणाली, तू नक्की कोण आहेस? मग दहा मिनिटं मॅच बाजूला आणि आमचा व्याकरणाचा तास. आता आमची पक्की जोडी आहे, आणि ती पण "येतो" म्हणायला लागलीय.

"गेमिंग" म्हणजे जुगार का? घरचे घाबरतात.

हा शब्द मुद्दाम गढूळ झालाय. पैसे लावून पत्ते खेळायची ॲप्स स्वतःला गेमिंग म्हणवून घ्यायला लागली, आणि "पोरगं गेम खेळतंय" या वाक्यातनं आईबापाला काही कळेनासं झालं. ओळखीच्या एका घरात महिनोन् महिने सगळ्यांना वाटत होतं की पोरगा गोळ्यागोळ्या खेळतोय, आणि खात्यातनं पैसे जात होते. शब्द वेगळा असता तर लवकर कळलं असतं, असं मला आजपण वाटतंय.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्सला म्हणजे गेमच्या स्पर्धांना क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम वेगळे काढले. कायद्याला शब्दांची विभागणी करावी लागली. आपल्याकडं ती आधीपासून होती, खेळ वेगळा, जुगार वेगळा. पैसे लावले की जुगार म्हणा, इंग्रजी पांघरूण घालू नका.

मराठीत गेम का येत नाहीत?

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. म्हणजे माणसं कमी नाहीत. सतरंजीवरच्या आणि पडद्यावरच्या भाषेतली फट म्हणाले होते ना, ती इथं आली.

थोडं अक्षराचं कारण आहे. फॅमिकॉमवर चित्र छोट्या चौकटींत बसवायचं, एक चौकट आठ बाय आठ ठिपक्यांची, एका चौकटीत एक अक्षर. इंग्रजी बसतं. जपानी लोकांची स्वतःची मोठी अक्षरं पण त्यात बसेनात, म्हणून १९८६ चा ड्रॅगन क्वेस्ट त्यांनी नुसत्या "काना" नावाच्या साध्या जपानी लिपीत लिहिला. आपल्याला शिरोरेघ, वर वेलांटी, खाली उकार, आणि जोडाक्षरं. परत पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसायला पाहिजे आधी. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण अक्षर असणं वेगळं आणि गेमनं ते नीट जोडून दाखवणं वेगळं, अजून कधीकधी "शक्ती" अशी तुटून येते की वाचवत नाही.

पण ते आता मोठं कारण राहिलेलं नाही. मोठं कारण सवय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं २०२० मध्ये राजी नावाचा गेम काढला, जगभर गेला, म्हणजे बनवणारे इथं आहेत. आपणच भाषेच्या यादीत मराठी शोधत नाही, इंग्रजी ठेवून पुढं जातो, आणि न मागितलेली गोष्ट कोण देणार?

मग फ्रान्ससारखे प्रतिशब्द काढायचे का?

फ्रान्सनं मे २०२२ मध्ये सरकारी कामासाठी असे शब्द काढले, प्रो-गेमरला "व्यावसायिक खेळाडू" अशा अर्थाचा शब्द, स्ट्रीमरला (आपला खेळ लाइव्ह दाखवणाऱ्याला) भलामोठा जोडशब्द. मला प्रतिशब्दांचा राग नाही, दिग्दर्शक, महापौर हे कुणीतरी घडवलेलेच शब्द आहेत आणि आज ते आपले आहेत. पण "रिव्हाइव्ह दे"ला "पुनरुज्जीवन कर" म्हणेपर्यंत भिडू मरतोय. मॅचमध्ये शब्द दोन अक्षरांत संपला पाहिजे. म्हणून मी म्हणते घडवू नका, शोधा. एका पोरीनं "उठव मला" म्हणलेलं मी ऐकलंय. झालं की काम.

पुढं काय टिकेल?

मशीनचे शब्द जाणार. कॅसेट गेली, सीडी गेली, मेमरी कार्ड गेलं, "डाउनलोड मार" पण जाईल. माणसामाणसातले राहतात, भिडू, डाव, रडी, उसनं, उठव. आता गेममधली पात्रं आपल्याशी खरोखर बोलायला लागतील असं दिसतंय. ती मराठी बोलली तर कुठली मराठी बोलतील हा माझा प्रश्न आहे. पुस्तकातली, का मर्दा म्हणणारी? मशीन जे लिहिलेलं असेल तेच शिकणार, आणि आपण हे सगळं फक्त बोलतो, लिहीत कोणच नाही.

माझ्याकडं एक शब्द आहे, द्यायचा असेल तर काय सांगू?

अख्खं वाक्य, कुठला गेम, साधारण साल, आणि कोण कुणाला म्हणालं ते. शिवी असली तरी सांगा, मी लाजत नाही. अर्थ माहीत नसला तरी चालेल.

आणि एक मला पाहिजे. कॉन्ट्रात धबधब्याची लेव्हल आहे, वर वर चढत जायचं, एक जण भराभर वर गेला की खालचा पडद्याबाहेर राहून मरतो. असं मुद्दाम करणाऱ्याला आमच्याकडं एक खास शब्द होता. दादाला आठवत नाही, मला आठवत नाही, शेवट "-ऱ्या" असा होता एवढंच. कुणाला आठवला तर रात्री अकरा वाजता पण सांगा.